बाद तेरा

कँटीनचे बाक सरकवून भिंतीला लावले.
रोज जिथे शेवभाजीचा तवंग सांडतो
त्या टेबलावर पतपेढीची पत्र्याची पेटी.
कुलूप हिलाल आबांच्या सायकलचं,
लाख मिळाली नाही, मेणबत्ती ओतली सांध्यावर.

चैत्र. अवधानच्या शेडमागे ऊन असं
की लळिंगचा किल्ला पाण्यात उभा असल्यासारखा हलत होता.

मसुदा बावीस पानांचा.
उभयपक्षी, उपरोक्त, अधीन राहून.
आबा बाकावर चढले आणि तो आमच्या बोलीत उतरवला:
साडेतीन वर्षांत सात हजार आठशे, पहिल्या वर्षी निम्मे.
बस सोनगीरपर्यंत.
शहाण्णव सेकंदांना एक टेम्पो निघायचा,
आता अठ्ठ्याऐंशीला निघेल.
आठ सेकंद म्हणजे किती, विचारलं कुणीतरी.
तंबाखू चोळायला पुरतात, आबा म्हणाले,
आणि पहिल्यांदाच हॉल हसला.
मग चष्मा काढून म्हणाले,
पटी ते हो म्हना भो, नही ते नही.

कलम सतरा त्यांनी भरभर वाचलं:
कंत्राटी कामगारांबाबत स्वतंत्र चर्चा करण्यात येईल.
स्वतंत्र हा शब्द
मी इतका एकटा कधी पाहिला नव्हता.

रांग लागली.
प्रेसशॉपचा सायसिंग पावरा, उजव्या हाताला तीन बोटं,
शिक्का डाव्या हाताने मारला, नीट, चौकटीच्या आत.
वायरिंगच्या छाया भामरेंनी चिठ्ठीच्या इतक्या घड्या घातल्या
की फटीत जाईना.
सुपडू पडद्यामागे बराच वेळ होता,
बाहेर आला तेव्हा कुणाकडे पाहिलं नाही त्याने.

मी पेंटशॉपचा. एकोणीस वर्षं.
भरताची वांगी चुलीवर फुटतात
ते मला आवाजावरून कळतं, वासावरून नाही.
देवपूरच्या दोन खोल्यांचा हप्ता दर महिन्याच्या सातला,
थोरलीची नर्सिंगची फी जुलैत.
मी होयवर शिक्का मारला.
हात थरथरला वगैरे काही नाही.

मोजणीला साक्षीदार म्हणून मला बसवलं,
कारण माझं कुणाशी वाकडं नाही, म्हणे.

होय, दोनशे चौदा.
नाही, दोनशे तीन.
आणि एक तिसरा ढीग, सुरुवातीला त्याला जागाच नव्हती,
पाण्याच्या जगाशेजारी रचत गेलो.
तेरा चिठ्ठ्या. शिक्का कुठेच नाही.
पेनाने, पेन्सिलीने, एकीवर तर ग्रीसच्या बोटाने
एकच नाव: दोधू.

दोधू माझ्या समोर उभा असतो, साखळीपलीकडे.
हुकला दरवाजे अडकवतो, मी रंगवतो.
नऊ वर्षं झाली, पण त्याच्या ओळखपत्रावर दुसऱ्याच कुणाचं नाव छापलंय,
ठेकेदाराचं.
मत नाही त्याला. आज तो खिडकीबाहेर
आमच्यासाठी बर्फ फोडत होता.

ह्या कुठे धरू, आबांनी विचारलं.
परिपत्रकात लिहिलं होतं, खाली माझीही सही होती:
शिक्क्याखेरीज खूण आढळल्यास मत बाद.
बाद, मी म्हणालो.
आबांनी माझ्याकडे पाहिलं, मग ढिगाकडे,
आणि तेरावर रेघ ओढली
लहान मुलाच्या वहीत मास्तर ओढतात तशी, हलकी.
अकराच्या फरकाने करार झाला.

गुलाल नव्हता. पेढे होते, साक्रीरोडचे, उन्हाने मऊ पडलेले.
गेटपाशी दोधूने माझ्या खोक्यातला एक उचलला,
चिकट बोटं पँटला पुसली,
म्हणाला, चांगलं झालं भाऊ. तुमचं तरी झालं.
त्याला त्या चिठ्ठ्या माहीत नव्हत्या.
मला सांगता आल्या असत्या.
वर लाइट लागले, दुसऱ्या पाळीची बस वळत होती,
आणि त्याने सहज विचारलं,
कितले वाढनात?

मी आकडा सांगितला.
खरा नाही,
थोडा कमी करून.